फॉर्म एजंटने भरला, जबाब मात्र तुमचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

ताई, नमस्कार. मी कराडची, वय ६१. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुलगी-जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. मुलीला पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) मिळालाय. तिचं पहिलंच बाळंतपण पाच महिन्यांवर आलंय. आम्ही दोघांनी कोल्हापूरच्या एका एजंटकडून व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला. 'सरकारी फी धरून' म्हणून त्याने ८५ हजार घेतले. तीन आठवड्यांपूर्वी दोघांनाही नकाराचं पत्र आलं. आता तो म्हणतो, 'टोरांटोला आमचा वकील आहे, दोन लाख द्या, शंभर टक्के गॅरंटी.' जावयाचे मित्र म्हणतात, सरळ कोर्टात जा. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यामुळे यांना महिनाभरापेक्षा जास्त राहता येणार नाही. मुलगा-सून पुण्यात नोकरी करतात. वकील करावा का, आणि कुठला? पत्राची आणि एजंटने लावलेल्या अर्जाची झेरॉक्स पाठवते आहे.

आणखी एक. २०१६ मध्ये भाच्याच्या लग्नासाठी आम्ही दोघांनी अमेरिकेचा व्हिसा मागितला होता, तो मुंबईत नाकारला गेला. एजंटला हे सांगितलं होतं. तो म्हणाला, 'अमेरिकेचं अमेरिकेला, कॅनडाचं कॅनडाला,' आणि फॉर्ममध्ये 'नाही' टाकलं. खात्यात पैसे कमी दिसतील म्हणून दिरांकडून चार लाख आणून भरायलाही त्यानेच सांगितलं.

— एक वाचक, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

'आणखी एक' म्हणून तुम्ही शेवटी जे लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. व्हिसा नाकारला गेला याचं फार मनावर घेऊ नका. पहिल्यांदा नकार आणि दुसऱ्यांदा होकार, असं पुष्कळांचं होतं. पण अमेरिकेच्या प्रश्नापुढे टाकलेलं ते 'नाही' तसंच राहिलं, तर पुढची पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होऊ शकतं. वकील लागणार आहे तो त्यासाठी, व्हिसा 'काढून देण्यासाठी' नाही.

कॅनडाच्या अर्जात प्रश्न सरळ असतो. कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का, प्रवेश नाकारला आहे का, देश सोडायला सांगितलं आहे का? दुसरा कुठलाही देश म्हटल्यावर त्यात अमेरिका आलीच. आणि एजंटचं ते वाक्य ऐकायला कितीही झकास वाटलं, तरी कॅनडा आणि अमेरिका व्हिसा अर्जदारांची माहिती एकमेकांना देतात, बोटांच्या ठशांसकट. तुम्ही दोघांनी २०१६ मध्ये मुंबईत ठसे दिले होते, आता कॅनडासाठीही दिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण ही मूठ त्यांच्यासमोर आधीच उघडी आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात कलम ४० आहे. अर्जाच्या निकालावर परिणाम करू शकेल अशी महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली, तर पाच वर्षं त्या देशात प्रवेश नाही, असं ते सांगतं. 'मला ठाऊक नव्हतं, एजंटने भरलं' हा बचाव तिथल्या फेडरल कोर्टापुढे अनेकदा आला आणि बहुतेक वेळा टिकला नाही. अर्ज तुमच्या नावाचा, म्हणून त्यातला शब्द न् शब्द तुमचा, अशी त्यांची भूमिका आहे. नकळत झालेल्या चुकीला एक अपवाद आहे, पण तो फार अरुंद. तुम्हाला तर त्याने 'नाही' टाकल्याचं कळलं होतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण वकिलासमोर बसाल तेव्हा तोही पहिल्यांदा हेच विचारील.

आता दिलासा. तुम्ही पाठवलेल्या नकाराच्या पत्रात कलम ४० चा उल्लेख कुठेही नाही. त्यात नियम १७९(ब) आहे. म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून परत जाल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढंच. हा सर्वसाधारण नकार आहे, त्यामुळे आज तुमच्यावर कुठलीही बंदी नाही. पण ते 'नाही' फाइलमध्ये बसलेलं आहे. पुढच्या अर्जात पुन्हा 'नाही' लिहिलंत तर ती दुसरी खोटी नोंद. गुपचूप 'होय' लिहिलंत तर दोन अर्ज शेजारी ठेवताच विसंगती दिसणार. तेव्हा 'होय' लिहायचं आणि सोबत मागच्या वेळी 'नाही' का गेलं ते स्वतःहून, पुराव्यासह सांगायचं, एवढाच मार्ग उरतो. ते कोणत्या शब्दांत सांगायचं, किती सांगायचं, प्रतिज्ञापत्र जोडायचं का, एजंटच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं लावायचं का, हे ठरवणं वकिलाचं काम. इथे दिलेली फी वाया जाणार नाही. स्वतःहून कबूल केलं की बंदी टळतेच असंही नाही, तसं सांगणारा वकील भेटला तर सावध व्हा. पण त्यांनी पकडण्याआधी सांगणं आणि पकडल्यावर सांगणं यात मोठा फरक पडतो. शंका आली तर ते आधी एक पत्र पाठवतात आणि उत्तराला मोजके दिवस देतात. ते पत्र कुणाच्या ईमेलवर जाईल? तुमच्या अर्जावर एजंटचा ईमेल आहे. त्यावर नंतर येते.

आता वकील कुठला. कॅनडाच्या अर्जात पैसे घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधी होण्याचा हक्क कुणाला, हे त्याच इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ मध्ये लिहिलेलं आहे. तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचे (वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेचे) सभासद असलेले वकील, ऑन्टारिओतले, म्हणजे तुमची मुलगी राहते त्या प्रांतातले, पॅरालीगल (मर्यादित कामांचीच सनद असलेले), क्वेबेकचे नोटरी, आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार. नाव कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत. आपल्याकडे बार कौन्सिल करते तशी ती सल्लागारांवर देखरेख करते, २०२१ पासून. यादी इथे संपली. त्यात कोल्हापूरचा एजंट नाही, आणि मीही नाही. मी वकील आहे, पण माझी सनद इथली, भारतातली. कॅनडाच्या अर्जात तुमच्याकडून फी घेऊन मी उभी राहू शकत नाही. वर्तमानपत्रात उत्तर देणं वेगळं.

एजंटच्या 'टोरांटोच्या वकिलाचं' पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक मागा. लॉ सोसायटी ऑफ ऑन्टारिओच्या आणि त्या कॉलेजच्या वेबसाइटवर सर्वांसाठी खुली यादी असते. नाव टाकलं की माणूस आहे की नाही, परवाना चालू आहे की निलंबित, सगळं दिसतं. नाव सापडलं तरी तिथे थांबू नका. यादीत दिलेल्या फोनवर मुलीने स्वतः फोन करून विचारावं, 'कोल्हापूरहून अमुक एक जण तुमच्या नावावर पैसे घेतोय, तुम्हाला माहीत आहे का?' दुसऱ्याचा परवाना क्रमांक आपल्या पाटीवर लावणारे महाभाग आहेत. आणि गॅरंटी? व्हिसा मिळेलच असं वचन परवानाधारकाला देताच येत नाही. आचारसंहितेत मनाई आहे. शंभर टक्के म्हणणारा एक तर परवानाधारक नाही, किंवा परवाना घालवायच्या वाटेवर आहे.

प्रतिनिधी नेमला की आयएमएम ५४७६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रतिनिधीचं नाव, परवाना क्रमांक आणि तुमची सही असते. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तो कुठेच नाही. म्हणजे सरकारदरबारी तुमच्या एजंटचं अस्तित्वच नाही! अर्ज तुम्ही दोघांनी स्वतः, कराडला बसून भरला अशीच नोंद आहे. ८५ हजार घेतले आणि मागे स्वतःची सावलीही ठेवली नाही. अशांना तिकडे घोस्ट कन्सल्टंट म्हणतात.

वकील की सल्लागार, असाही प्रश्न उरतो. नेहमीचा साधा अर्ज असता तर परवानाधारक सल्लागार पुरे होता, तो सहसा स्वस्त पडतो. खरं तर साध्या अर्जाला तोही लागत नाही. मुलगी पैसे न घेता तुमची प्रतिनिधी होऊ शकते, त्यासाठी तोच ५४७६ फॉर्म. पण तुमच्या फाइलमध्ये कलम ४० ची गाठ आहे आणि ती चिघळली तर प्रकरण फेडरल कोर्टात जाऊ शकतं. सल्लागाराला तिथे उभं राहता येत नाही. म्हणून वकीलच घ्या, ऑन्टारिओतला, इमिग्रेशनचंच काम करणारा. लॉ सोसायटी ऑफ ऑन्टारिओची एक रेफरल सेवा आहे. तिच्यातून वकिलाशी अर्ध्या तासापर्यंतचं पहिलं बोलणं विनामूल्य मिळतं. मुलीने तिथून नाव घ्यावं.

त्या बोलण्यात फोनवर तुम्हीही असा. मुलगी फी देईल, भाषेचा सांधा जुळवील, पण अशील तुम्ही आणि तुमचे यजमान आहात. करारावर सही तुमची, पत्रं तुम्हाला. मुलीला काळजी वाटू नये म्हणून तिला न सांगितलेलं काही असेल, तर तेही वकिलाला सांगता आलं पाहिजे. सगळं काम त्याच्यावर सोपवायचीही गरज नाही. फक्त खुलाशाचं पत्र लिहून देणं आणि तयार झालेली फाइल एकदा नजरेखालून घालणं, एवढ्याच कामाची ठरावीक फी ठरवता येते. फी एकरकमी की तासावर, मधेच थांबलो तर उरलेलं परत मिळतं का, काम तो स्वतः करणार की त्याचा कारकून, हे लेखी घ्या. आणि तो काय करू शकत नाही तेही लक्षात असू द्या. व्हिसा कचेरीत त्याची ओळख चालत नाही. तुमच्या प्रकारच्या अर्जाला बहुधा मुलाखतच नसते, अधिकारी कागदांवरून निर्णय देतो. मुंबई-पुण्याच्या व्हीएफएस (व्हिसाचे कागद गोळा करणारी खासगी कंपनी) केंद्रात ठसे आणि पासपोर्ट घेतात. निर्णयाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. 'व्हीएफएसमध्ये आपला माणूस आहे' हे वाक्य तुमच्या एजंटकडून अजून आलं नसेल तर येईल.

जावयाच्या मित्रांचा कोर्टाचा सल्ला. व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर अपील नाही. फेडरल कोर्टाकडे न्यायिक पुनर्विलोकन मागता येतं, पण आधी त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. निर्णय कॅनडाबाहेरचा असेल तर कळल्यापासून ६० दिवसांत अर्ज, कोर्टाची फी ५० कॅनेडियन डॉलर. वकिलाची फी अर्थातच त्याच्या कितीतरी पट. कोर्ट व्हिसा देत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय तर्काला धरून होता का, एवढंच बघतं. नसेल तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने पाठवतं. ज्यांनी व्यवस्थित कागद लावले आणि अधिकाऱ्याने ते वाचलेच नाहीत, त्यांनी जरूर जावं. अशा वेळी सरकारी वकील कधी कधी स्वतःच माघार घेऊन फेरविचाराला तयार होतात.

तुमचं तसं नाही. कोर्ट बघणार अधिकाऱ्यापुढे होते तेच कागद, नवे पुरावे सहसा चालत नाहीत. आणि ते कागद कसे होते ते मी पाहिलेत. शिवाय ज्या अर्जात खोटं उत्तर आहे तोच हातात घेऊन न्यायाधीशापुढे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. स्वच्छ हातांनी न येणाऱ्याला दाद नाकारण्याचा अधिकार कोर्टाला आहे. त्यात महिनेही जातात, बाळंतपण थांबणार नाही. माझं मत: कोर्ट नको, नवा अर्ज करा. तरी ६० पैकी तीन आठवडे गेलेत, हे वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा. कोर्टाचा रस्ता सोडायचा तर तारीख उलटून गेली म्हणून नको, त्याच्याशी बोलून ठरवून सोडा.

आता ते कागद. एजंटने तुमच्या नावाने जोडलेलं इंग्रजी पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात नायगारा आणि सीएन टॉवर बघायची तुमची जुनी इच्छा. दुसऱ्या परिच्छेदात 'माझा मुलगा आणि सून मिसिसागामध्ये माझी वाट पाहत आहेत'. ताई, तुमचा मुलगा-सून पुण्यात आहेत! आधीच्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं पत्र उचलून नाव बदललं, बाकी राहिलं. खाली मुलीच्या निमंत्रणाचा पत्ता ब्रॅम्प्टनचा. सहा महिन्यांचा मुक्काम मागितलाय, दोघांसाठी, 'पर्यटन' म्हणून. बाळंतपणाचा शब्दही नाही. अधिकाऱ्याने 'भेटीचा उद्देश तात्पुरत्या मुक्कामाशी जुळत नाही' असं लिहिलं, त्यात त्याचं काय चुकलं?

बाळंतपण लपवायचं ही आपल्याकडच्या एजंटांची जुनी खोड. 'मदतीला जातोय म्हटलं की ते काम समजतात आणि नाकारतात,' असं सांगतात. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या सूचनांमध्ये काय काम धरायचं आणि काय नाही याची उदाहरणं आहेत. भेटीला आलेल्या आईने मुलीला मूल सांभाळायला विनामोबदला मदत करणं, हे 'काम नाही' याचंच उदाहरण म्हणून दिलेलं आहे. तुम्ही ज्यासाठी चाललाय नेमकं तेच! तेव्हा लिहा: मुलीचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरने दिलेली तारीख अमुक, मी इतके आठवडे राहणार. डॉक्टरचं पत्र जोडा.

दोघांनी एकत्रच जायचं का, याचाही विचार करा. सासूबाईंमुळे यजमानांना महिन्याच्या वर राहता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग दोघांना सहा महिने का मागितले? खरा बेत असा दिसतो: तुम्ही बाळंतपणाच्या आधी जाणार, चार-पाच महिने राहणार. यजमान बारशाच्या सुमारास महिनाभर येणार, तेवढे दिवस पुण्याचा मुलगा किंवा सून आजीजवळ. हाच बेत अर्जात मांडा. ८४ वर्षांच्या सासूबाई, त्यांना सांभाळणारा नवरा, पुण्यातला मुलगा, कराडचं घर, दरमहा येणारं निवृत्तिवेतन: परत येण्याची याहून चांगली कारणं कुठली? मुलाचं नाव कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्ममध्ये आहे, पण त्याच्या नोकरीचा एक कागद नाही. सासूबाईंचा तर उल्लेखच नाही. नकाराच्या पत्रात 'कॅनडाबाहेर पुरेसे कौटुंबिक बंध नाहीत' हे वाचून तुम्हाला राग आला, असं लिहिलंय तुम्ही. त्या अधिकाऱ्याला सासूबाई कुणी दाखवल्याच नव्हत्या.

पैशांचं. बँकेच्या उताऱ्यात सहा महिने निवृत्तिवेतन येतं, किराणा-औषधांना जातं, आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम चार लाख येऊन बसतात. ते कुठून आले याचं स्पष्टीकरण नाही. पाहणाऱ्याला पहिली शंका तिथेच येते. दिरांचे पैसे परत करा. तुमचं स्वतःचं जे आहे ते दाखवा: निवृत्तिवेतनाचा आदेश, मुदत ठेवी, प्राप्तिकराची विवरणपत्रं, घराचे कागद, शेती असेल तर सातबारा. राहणं-खाणं मुलीकडे आहे, तेव्हा तिचे पगाराचे कागद आणि कराचं नोटिस ऑफ असेसमेंट (तिथल्या कर खात्याचं आकारणीपत्र) जोडलं की चार उसन्या लाखांची गरज उरत नाही. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागेल, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. हे काम घरातल्या कुणी करायचं नाही. नवरा, मुलगा, भाचा यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, असं त्यांच्या नियमात आहे. तुमचे यजमान मुख्याध्यापक होते, इंग्रजी चांगलं असेल, तरी बाहेरून करून घ्या.

अधिकाऱ्याने आतल्या नोंदीत काय लिहिलंय तेही वकिलाला लागेल. २०२५ च्या जुलै अखेरपासून अशा नकारांबरोबर अधिकाऱ्याच्या नोंदी जोडायला त्यांनी सुरुवात केली आहे. तुम्हाला एजंटने व्हॉट्सॲपवर एकच पान पाठवलं. मागची पानं होती की नव्हती, हे त्याने अर्जासाठी उघडलेल्या ऑनलाइन खात्यात बघितल्याशिवाय कळणार नाही. नसतील तर मुलगी तिथल्या माहिती अधिकारात तुमची फाइल मागवू शकते. पाच डॉलर फी आणि तुमचं संमतिपत्र. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच, मुदत ३० दिवसांची, प्रत्यक्षात कधी जास्त. मागवलेल्या फाइलमध्ये तुमच्या नावाने नेमकं काय काय भरलं गेलं तेही दिसेल. वकिलाने शब्द लिहिण्याआधी ते बघायलाच हवं, कारण एजंटने ते एकच उत्तर चुकीचं दिलं असेल यावर माझा विश्वास नाही.

सुपर व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवीलच. पीआर किंवा नागरिक असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी तो असतो. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलीच्या घरच्या उत्पन्नाची अट आहे, तुमची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. साठीनंतर तो विमा स्वस्त नसतो. एका बाळंतपणासाठी साधा व्हिसा पुरतो, त्यावर सहसा सहा महिने मिळतात. पुढे दरवर्षी जायचं ठरलं तर बघा. आणि कलम ४० ची गाठ दोन्हीकडे सारखीच आहे, सुपर म्हटल्याने ती सुटत नाही.

आता एजंट. त्याला फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे नोंद राहते. साधारण असं:

'आमच्या दोघांच्या कॅनडा व्हिजिटर व्हिसाच्या अर्जासाठी आपण आमच्याकडून ८५ हजार रुपये घेतले आहेत. सादर केलेल्या सर्व फॉर्मच्या आणि कागदांच्या प्रती, नकाराचं संपूर्ण पत्र, अर्जाच्या खात्याचं युजर नेम व पासवर्ड, सरकारी फीच्या पावत्या आणि आमचे मूळ पासपोर्ट सात दिवसांत द्यावेत. यापुढे आमच्या नावाने कुठलाही अर्ज किंवा पत्रव्यवहार करू नये.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे मिळण्याच्या आशेने तो परस्पर दुसरा अर्ज टाकून मोकळा व्हायचा. पासपोर्ट त्याच्याकडे असतील तर मुलाला कोल्हापूरला पाठवून आधी ते आणा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, ती तारण ठेवून घ्यायचा अधिकार त्याला नाही. पासवर्ड हाती आला की खात्यात न वाचलेलं पत्र आहे का ते त्याच दिवशी बघा. नवा अर्ज तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून, नव्या खात्यातून करा.

सरकारी फीचा हिशेब सोपा आहे. व्हिसाचे माणशी १०० डॉलर, ठशांचे माणशी ८५. दोघांचे मिळून ३७० कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण बावीस ते चोवीस हजार रुपये. वरचे साठ हजार त्याचे. नव्या अर्जाला ठशांची फी लागू नये, दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. त्या साठ हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही जण तेवढ्यानेच पैसे परत करतात. या इथल्या लढाईसाठी वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्याचं कलम १२ तसं म्हणतं. कराडच्या कोर्टात तालुका समिती आहे, साताऱ्याला जिल्ह्याचं कार्यालय. तक्रार तुमच्या नावाने करा, यजमानांच्या नको. पण एजंटवरच्या तक्रारीत काय लिहायचं ते आधी ऑन्टारिओच्या वकिलाला दाखवा. इथे 'मी सांगूनही त्याने खोटं भरलं' आणि तिथे दुसरंच काही, असं व्हायला नको.

राहिली मुलगी. तिला खोटी आशा दाखवू नका. फाइल मागवणं, वकिलाचं पत्र, नवा अर्ज, त्यावरचा निर्णय, हे सगळं पाच महिन्यांत बसेल कदाचित, किंवा बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर तुम्ही पोहोचाल. जावयांना नोकरीतून पालकत्वाची रजा घेता येईल का ते आत्ताच विचारायला सांगा. कॅनडात त्या रजेचा भत्ता आईवडील दोघांत वाटून घेता येतो आणि त्यातले काही आठवडे दुसऱ्या पालकाने घेतले तरच मिळतात. डिंकाचे लाडू तिकडे कुरियरने जातात, पण त्याआधी कुरियरवाल्याकडून कॅनडाच्या कस्टमचे खाण्याच्या वस्तूंचे नियम विचारून घ्या.